गरोदर सुनेचं चालणं



महालक्ष्म्यांच्या दिवशी आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या घरांत दिवस गेलेली सूनही सकाळपासून ओट्याशी उभी असते. सोळा भाज्या, पुरण, आंबील सगळं होतं. तेव्हा “दोन जिवांची आहेस, बस” म्हणायचं आपल्याला सुचत नाही. तीच सून संध्याकाळी “जरा चालून येते” म्हणाली, की आपण म्हणतो, “दृष्ट लागेल, पाय घसरेल, पोटाला धक्का बसेल. घरचं काम हाच व्यायाम!”

आम्ही डॉक्टर नाही, सरकारी नोकरीतली माणसं. पण जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली स्पष्ट सांगितलं आहे: गरोदरपणात काही अडचण नसेल, तर आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करावा. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, बोलता येईल इतक्या वेगानं चालणं. त्यानं वजन आटोक्यात राहतं, गरोदरपणातली शुगर आणि बीपी यांचा धोका कमी होतो. ओट्याशी तासन्‌तास उभं राहून मात्र पाय सुजतात, कंबर धरते. तो व्यायाम नव्हे.

संत्र्याच्या बागेत, कापूस वेचायला जाणाऱ्या बाईचं उलट आहे. तिचे कष्ट आधीच भरपूर असतात. तिला हवी विश्रांती, आणि डोक्यावरचं ओझं बंद.

रक्तस्राव, खाली असलेली वार, वाढलेलं बीपी किंवा रक्त फार कमी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी होते. “मी किती चालू?” हा प्रश्न तिथंच विचारावा. चालताना चक्कर आली, पोटात दुखलं, अंगावरून गेलं, तर लगेच थांबून दवाखाना गाठावा.

खरी अडचण सुनेच्या पायात नाही, घराच्या परवानगीत आहे. गल्लीत गाड्यांची गर्दी, उन्हाळ्याचा ताव, सोबत कुणी नाही, ही कारणं खरी आहेत. पण वेळ बदलता येते, आणि सोबत तर आपण स्वतःच होऊ शकतो. सासूबाईंनी चपला घालाव्यात, नवऱ्यानं अर्धा तास मोबाईल ठेवावा.

डोहाळजेवण आपण हौसेनं करतो. त्याच हौसेनं तिच्याबरोबर रोज चार पावलं चालू या, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!