टेरी फॉक्सचे १४३ दिवस



मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि हे अंतर महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांच्या परिचयाचे झाले. पन्नाशी गाठलेले गृहस्थ, घर आणि नोकरी सांभाळणाऱ्या भगिनी पहाटेच्या अंधारात बूट बांधून रस्त्यावर उतरू लागल्या. काहींचे समाधान तेवढ्यावर होईना. मग मॅरेथॉनहून लांब पल्ल्याच्या, ज्यांना अल्ट्रा म्हणतात त्या शर्यती आल्या आणि सलग अनेक दिवस रोज एक मॅरेथॉन धावण्याचे संकल्पही आले. पुण्याचे आशिष कासोदेकर २८ नोव्हेंबर २०२१ ते २६ जानेवारी २०२२ असे ६० दिवस रोज एक मॅरेथॉन धावले. अडीच हजार किलोमीटरांहून अधिक अंतर त्यांनी एकही दिवस न चुकवता पार केले आणि गिनीज बुकात नाव नोंदवले. पुढे ब्राझीलच्या ह्युगो फारियास याने ऑगस्ट २०२३ पर्यंत सलग ३६६ दिवस ३६६ मॅरेथॉन पूर्ण केल्या.

विक्रम होतात आणि मोडतात. तो त्यांचा धर्मच आहे. परंतु आज धावून उद्या पुन्हा धावणे, परवा पुन्हा धावणे, या साधनेचे मर्म ज्याला समजून घ्यायचे असेल, त्याने १९८० सालच्या कॅनडाकडे पाहावे. त्या वर्षी २१ वर्षांचा एक तरुण एका पायावर आपला देश ओलांडायला निघाला होता. त्याच्यासमोर कोणताही विक्रम नव्हता.

शेवटच्या क्रमांकातून संकल्प

टेरी फॉक्सचा जन्म १९५८ सालचा. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील पोर्ट कोक्विटलम या गावी तो वाढला. बास्केटबॉलचे त्याला वेड होते. मार्च १९७७ मध्ये त्याच्या उजव्या गुडघ्यात हाडाचा कर्करोग असल्याचे निदान झाले आणि गुडघ्याच्या वर सुमारे १५ सेंटीमीटरवर त्याचा पाय कापावा लागला. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याच्या प्रशिक्षकांनी त्याला एक मासिक आणून दिले. कृत्रिम पायाने न्यूयॉर्कची मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्या डिक ट्रॉम यांच्यावरील लेख त्यात होता. बीज तेथे पडले.

त्यानंतरचे अनेक महिने रसायनोपचारात गेले. रुग्णालयात आजूबाजूची मुले वेदनेने तळमळताना आणि काही मरताना त्याने पाहिली. त्याच्यासारख्या रुग्णाची जगण्याची शक्यता दोनच वर्षांत १५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांपर्यंत वाढल्याचे त्याला समजले. ही वाढ संशोधनाने झाली होती आणि संशोधनाला पैसा लागतो, एवढे सरळ गणित त्याने मनाशी मांडले. आपण वाचलो, ते अनोळखी माणसांनी पूर्वी दिलेल्या पैशामुळे. तेव्हा हे ऋण फेडले पाहिजे, अशी त्याची धारणा झाली.

फेब्रुवारी १९७९ मध्ये त्याने सराव सुरू केला. आरंभीची अंतरे अगदी थोडी होती. कृत्रिम पायाची रचना चालण्यासाठी होती, धावण्यासाठी नव्हे. तो पाय पुढे येईपर्यंत वेळ जाई, म्हणून डाव्या पायावर एक जादा उडी घ्यावी लागे. प्रत्येक पावलाला दोनदा भार सोसणारा डावा पाय आणि घासून रक्ताळणारा उजव्या मांडीचा खुंट, अशी ती धाव होती. त्याच वर्षी सप्टेंबरच्या आरंभी प्रिन्स जॉर्ज येथील २७ किलोमीटरच्या शर्यतीत तो सर्वांत शेवटी आला. त्याच्या पुढचा धावपटू त्याच्या दहा मिनिटे आधी पोहोचला होता. त्या शर्यतीनंतर त्याने घरी आपला बेत सांगितला. आईला तो निव्वळ वेडेपणा वाटला. वडिलांनी केव्हा निघणार, एवढेच विचारले.

सराव १४ महिने चालला. त्यात सलग १०१ दिवस तो धावला आणि नाताळला एक दिवस थांबला, तोही आईने गळ घातली म्हणून. प्रत्यक्ष दौडीला निघण्यापूर्वी सरावातच त्याचे ५,००० किलोमीटर झाले होते.

एका दिवसाचे गणित

१२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे त्याने कृत्रिम पाय अटलांटिक महासागरात बुडवला आणि दोन बाटल्यांत समुद्राचे पाणी भरून घेतले. त्यांतील एक पलीकडच्या किनाऱ्यावर, व्हिक्टोरिया येथे, प्रशांत महासागरात ओतायची होती. गंगेची कावड रामेश्वरापर्यंत नेणाऱ्या आपल्या लोकांना या कृतीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. सोबत डग अल्वर्ड हा मित्र गाडी चालवायला होता. पुढे धाकटा भाऊ डॅरेलही येऊन मिळाला.

तो पहाटे अंधार असतानाच निघे. दिवसाचा मोठा हिस्सा सकाळीच उरकून विश्रांती घेई आणि उरलेले अंतर नंतर कापी. एकूण पल्ला सुमारे ४२ किलोमीटर. समोर हजारो किलोमीटरांचा देश पसरलेला असताना त्याने नजर नेहमी जवळच्या खुणेवर ठेवली. पुढचा मैल, पुढचे वळण, पुढचा तारांचा खांब. देश ओलांडायचा विचार मनात आणला असता तर पाऊल उचललेच नसते. खांबापर्यंत मात्र कोणालाही जाता येते.

आजचे क्रीडाशास्त्र हीच गोष्ट आकड्यांत सांगते. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली शर्करा साधारण २,००० कॅलरींची असते. मॅरेथॉनला त्याहून अधिक लागते, म्हणून तिसाव्या किलोमीटरच्या पुढे अनेकांचे पाय एकाएकी जड होतात. पोटभर पिष्टमय आहार घेतला तर हा साठा सुमारे २४ तासांत भरून येतो. स्नायूंच्या तंतूंना झालेली सूक्ष्म इजा भरायला मात्र कित्येक दिवस लागतात. ज्याला उद्याही धावायचे आहे, त्याने आजची गती आवरलीच पाहिजे. एका दिवसाच्या शर्यतीत धावपटू अंगातले सर्व काही खर्च करून मोकळा होतो. रोजच्या धावण्यात ती उधळपट्टी चालत नाही. शेवटच्या रेषेनंतर लगेच खाणे, वेळेवर झोपणे, तळपायांची निगा राखणे, ही उद्याच्या धावेची पहिली पावले असतात.

अल्ट्राची तयारीही याच मार्गाने होते. आठवड्याचे अंतर हळूहळू वाढवावे. शनिवारी लांब धावून रविवारी थकल्या पायांनी पुन्हा लांब धावावे, म्हणजे शिणलेल्या शरीराला चालते ठेवण्याची सवय लागते. चढावर चालण्यात कमीपणा मानू नये. धावता धावता खाण्याचा सराव करावा. पाण्याचेही तारतम्य हवे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम प्रमाणाबाहेर घटलेले आढळले. त्यामागील एक प्रमुख कारण म्हणजे अति पाणी पिणे. संयम असा घोटभर पाण्यातही पाळावा लागतो.

उदासीनतेतून जागृतीकडे

टेरीचा पहिला दिवस वादळवारा, पाऊस आणि बर्फ यांत गेला. आरंभीचे आठवडे लोकांनी फारशी दखल घेतली नाही. पोर्ट ओ बास्क या सुमारे १०,००० वस्तीच्या गावाने मात्र १०,००० डॉलरहून अधिक निधी दिला. माणशी एक डॉलर! त्यातूनच प्रत्येक कॅनेडियन नागरिकाकडून एक डॉलर मिळवण्याचे त्याचे ध्येय आकाराला आले.

जूनमध्ये तो क्वेबेकमध्ये शिरला. हा प्रांत कॅनडापासून वेगळ्या वाटेने जाणार का, यावर तेथे २० मे १९८० रोजी सार्वमत झाले होते आणि सुमारे ६० टक्के मते विरोधात पडली होती. फ्रेंच बोलणाऱ्या त्या प्रांतात भाषा न येणाऱ्या या तरुणाला प्रतिसाद अगदीच तोकडा मिळाला. वाहने त्याला रस्त्याच्या कडेला ढकलू पाहत. तो खचला, चिडला, तरी दुसऱ्या पहाटे रस्त्यावर होताच. त्याच सुमारास हॉटेल व्यावसायिक इझाडोर शार्प यांनी मैलामागे दोन डॉलर देऊ केले आणि अन्य ९९९ उद्योगांना तसेच करण्याचे आवाहन केले. शार्प यांचा मुलगा कर्करोगानेच गेला होता.

ओंटारिओ प्रांतात चित्र पालटले. ११ जुलै रोजी टोरोंटोच्या चौकात सुमारे १०,००० लोक त्याच्या स्वागताला जमले. ज्या तरुणाकडे एप्रिलमध्ये कोणी वळून पाहत नव्हते, त्याच्यासाठी लोक रस्त्याच्या दुतर्फा तिष्ठत उभे राहू लागले. समाज जागा होतो, पण कोणीतरी आधी अनेक दिवस एकट्याने, कोणी पाहत नसताना, आपला नेम चालवलेला असावा लागतो.

थांबणे

१ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बे शहराच्या अलीकडे खोकला आणि छातीतील कळ यांनी त्याला गाठले. रस्त्याकडेला माणसे उभी होती, म्हणून तो आणखी थोडा धावला. मग गाडीत बसून रुग्णालयात न्यायला सांगितले. कर्करोग फुप्फुसांत पसरला होता. १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटर येथे संपले. पलीकडच्या महासागराला त्याचा पाय लागला नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. टेरीच्या हृदयात दोष आढळला होता आणि डॉक्टरांनी त्याला इशारा दिला होता. वाटेत तपासण्या चुकवल्या जात होत्या, वेदना लपवल्या जात होत्या. त्याच्या त्यागापुढे मस्तक नमवावे. या हेळसांडीचे अनुकरण मात्र कोणी करू नये. घरात वृद्ध आईवडील आणि शिकती मुले असलेल्या गृहस्थाने हृदयाची तपासणी केल्याशिवाय लांब पल्ल्याच्या धावण्याचा संकल्प सोडू नये. छातीत कळ आली, लघवीचा रंग चहासारखा गडद झाला, भोवळ आली, तर त्याच क्षणी थांबावे. अर्ध्यावर सोडलेली शर्यत पुढच्या वर्षी पुन्हा धावता येते.

टेरी थांबला आणि काम थांबले नाही. दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमातून १ कोटी ५ लाख डॉलर जमले. फेब्रुवारी १९८१ पर्यंत निधी २ कोटी ४१ लाख डॉलरांवर गेला; तेव्हाच्या लोकसंख्येत माणशी एक डॉलर झाला होता. २८ जून १९८१ रोजी, तेविसाव्या वाढदिवसाला एक महिना उरला असताना, टेरी गेला. देशभरातील ध्वज अर्ध्यावर उतरवण्यात आले.

त्याच वर्षी १३ सप्टेंबरला पहिली टेरी फॉक्स दौड झाली आणि तीन लाख लोक धावले. या दौडीत कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. ही टेरीची इच्छा होती. मुंबई आणि चेन्नई येथेही ही दौड झालेली आहे. आजवर जगभरातून कर्करोग संशोधनासाठी ८५ कोटी डॉलरहून अधिक निधी तिच्यातून उभा राहिला आहे.

छातीवर क्रमांक लावून धावणाऱ्या आपल्या शहरांतील हजारो बांधवांनी एवढे ध्यानात ठेवावे. पदक घरातील भिंतीवर टांगले जाते आणि काही वर्षांत त्यावर धूळ बसते. गल्लीतील एका रुग्णाच्या औषधाचा खर्च, शेजारच्या मुलांसाठी रोज पहाटे उघडणारे एक मैदान, रक्तदानाचा न चुकणारा एक दिवस, अशा कशाशी तरी ही पावले जोडली, तर ती धावणाऱ्याच्या मागेही चालत राहतील. आणि आरंभ करण्यासाठी कोणालाही संपूर्ण देश दिसण्याची गरज नाही. पुढचा खांब दिसला तरी पुरे.