वहीतले आणि चारचौघांतले



विषय निवडण्याचे काम कार्यकर्त्यांनी आमच्यावरच सोपवले, म्हणून घराघरांतून सध्या चाललेली एक कुरबूरच आम्ही आज येथे मांडतो. मोबाइलवर काय टाकावे व काय टाकू नये, ही ती कुरबूर. आपल्यापैकी अनेकांची मुले परदेशी असतात. वासण्याच्या आजीने नातवाचे पहिले पाऊल पाहायचे ते त्याच पडद्यावर. तेव्हा फोटो धाडूच नका, असे सांगणारे आम्ही नव्हे. परंतु दवाखान्यात निजलेल्या आजोबांचे नळ्या लावलेले छायाचित्र नातू ‘स्टेटस’ला ठेवतो, दिवेलागणीच्या आत न्यू जर्सीहून विचारपूस सुरू होते, आणि आजोबांस मात्र कोणी विचारलेलेच नसते! व्हॉट्सअॅपवरचे ते स्टेटस चोवीस तासांनी आपोआप जाते खरे; पण पाहणाऱ्याने त्याची प्रत उतरून घेतली असेल, तर ती राहते.

ह्या प्रसंगी आम्हांस वरसईच्या विष्णुभट गोडसे यांची आठवण होते. १८५७ साली ते द्रव्यार्जनासाठी उत्तरेस निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले, आणि झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. पुढे पुष्कळ वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी ती सारी हकीकत लिहून काढली. इंग्रजी अंमलाचे भय होते. म्हणून मजकूर आपल्या पश्चातच छापावा, अशी अट घातली. वैद्यांनी ती पाळली व ‘माझा प्रवास’ १९०७ साली निघाला. छापताना त्यांनी मजकुरात फेरफार केले, काही गाळले. पण मूळ हस्तलिखित जपलेले होते, म्हणूनच दत्तो वामन पोतदारांना १९६६ साली मूळ मजकूर वाचकांपुढे ठेवता आला. भटजींनी लिहिताना हात आखडला नाही तो त्या अटीमुळेच, असे आम्हांस वाटते.

उलट, सगळेच पेटीत ठेवावे असेही नव्हे. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली वारले. रमाबाईंच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या. घरातील बायकांचा रोष सोसून आपण लिहावाचावयास कशा शिकलो, हे त्या माउलीने उघड सांगितले, त्यामुळे कितीतरी घरांतील मुलींना धीर आला असेल. मात्र मध्ये नऊ वर्षे गेली होती. नऊ वर्षे कोण थांबणार? पण एक रात्र थांबावयास काय हरकत आहे? पूर्वी लेखणी आणि वाचक यांच्यामध्ये छापखाना असे, निदान टपालाची पेटी असे. आता लिहिणे व प्रसिद्ध करणे एकाच बोटाने होते.

आणखी एक गोष्ट घडते, ती आम्हांस अधिक काळजीची वाटते. पडद्यासाठी लिहिणारी मुलगी आपोआपच गाळीत जाते. नोकरीतला अपमान गाळते, संसारातली भीती गाळते. सहलीचा फोटो तेवढा राहतो. वैद्यांनी दुसऱ्याचे गाळले होते, ही स्वतःचेच गाळते, आणि मागे मूळ प्रत नसते! दहा वर्षांनी तिला स्वतःलाच कळू नये की त्या साली आपण खरोखर कशा होतो. एखादी दोनशे पानी वही एवढ्यासाठी तरी घरात असावी.

मात्र ती वही तिचीच राहिली पाहिजे. मुलीची वही आईने उघडणे, बायकोची नवऱ्याने चाळणे, हा दोष मोबाइलने आणलेला नाही. तो आपल्याकडे फार जुना आहे, आणि त्याला आपण प्रेम म्हणत आलो.

संस्थेस आमची एक सूचना आहे. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० साली वाचनालयांची चळवळ उभी केली. तेथे एका कपाटाची मागणी जड वाटू नये. ज्या सभासदांना आपल्या वह्या जपून ठेवावयाच्या असतील त्यांनी त्या बंद पाकिटात द्याव्यात, वर नाव आणि कोणत्या साली उघडावे तेवढे लिहावे. किल्ली कोणाकडे असावी, हे विश्वस्तांनी भोजनापूर्वीच ठरवून टाकावे. नंतर सर्वांसच झोप येते.