उलट्या माळेचं चर्च

सोसायटीचं काम वर्षभर रखडलं तर आपण बिल्डरला फैलावर घेतो. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात सग्रादा फामिलिआ नावाचं चर्च १८८२ पासून बांधलं जातंय, आणि ते अजून पुरं झालेलं नाही! पहिले वास्तुशिल्पी लवकरच सोडून गेले. १८८३ मध्ये काम आलं अंतोनी गौडी या तरुणाकडे. पुढची त्रेचाळीस वर्षं त्यानं त्यात घातली.

जुन्या चर्चना बाहेरून दिलेले दगडी टेकू गौडीला कुबड्यांसारखे वाटत. त्याचा उपाय घरीही करून पाहता येईल. दोन खिळ्यांना फुलांची माळ सैल अडकवा. तिला जो आकार येतो, त्यात नुसता ताण असतो. तोच आकार उलटा केला की उरतो नुसता दाब. आणि दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. दुसऱ्या एका चर्चसाठी गौडीनं दोऱ्यांना छऱ्यांच्या पिशव्या टांगून असा नमुनाच केला होता. सग्रादा फामिलिआतले खांब म्हणूनच तिरपे आहेत, वर गेल्यावर त्यांना झाडासारख्या फांद्या फुटतात. आतून हे चर्च म्हणजे दगडी देवराईच.

१९२६ मध्ये गौडीला ट्रामची धडक बसली. साध्या कपड्यांमुळे लोकांना तो भिकारी वाटला. तो गेला तेव्हा एकच घंटामनोरा पुरा झाला होता. १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि जमावानं त्याची कार्यशाळा जाळली. रेखाटनं गेली, प्लास्टरचे नमुने फुटले.

मग शिष्यांनी ते तुकडे जुळवायला घेतले. गौडीचे आकार लहरी दिसतात, पण ते पक्क्या भूमितीचे आहेत. तुकड्यावरून उरलेला आकार काढता येतो. तरीही १९६५ मध्ये अनेक नामवंतांनी, हे आता गौडीचं राहिलेलं नाही, काम थांबवा, असं जाहीर पत्र लिहिलं. मला ते पटत नाही. थोरली देवळंही एका हातानं कुठे झाली?

काम देणग्यांवर आणि तिकिटांवर चालू राहिलं. गंमत म्हणजे रीतसर बांधकाम परवाना मिळाला २०१९ मध्ये! २०२५ मध्ये ते जगातलं सर्वांत उंच चर्च ठरलं.

आता वाद आहे तो मुख्य दरवाजासमोरच्या भव्य जिन्याचा. त्यासाठी रस्त्यापलीकडची राहती घरं पाडावी लागतील. जिना गौडीच्याच मनातला, असं चर्चवाले म्हणतात. रहिवासी म्हणतात, दाखवा कुठे आहे तो.