आधी मीटर लावा, मग बॅटरीचं बोला

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



आज कर्जमागणीचे अर्ज वाचताना एक गोष्ट दिसली. नवीन बॅटरी घेण्यासाठी अर्ज वाढले आहेत. कारण प्रत्येकीचं एकच : सोलरचा लाईट मिणमिणतो, व्होल्टेज कमी येतं, मिस्त्री म्हणाला बॅटरी गेली. बॅटरी म्हणजे दहा-बारा हजारांचा खर्च. वर गटाचं व्याज. म्हणून माझं आज एकच मागणं आहे. मीटर लावून आकडा बघितल्याशिवाय 'बॅटरी गेली' हे कुणाचंही ऐकू नका.

मी इंजिनिअर नाही, समाजकार्य शिकले आहे. पण हे काम आपल्याला जमण्यासारखं आहे. वर्धा जिल्ह्यातल्या कवठा झोपडी गावात बचत गटाच्या बायकांनी सोलरच्या प्लेटा बनवण्याचा कारखाना उभा केला. राजस्थानात डुंगरपूरला आदिवासी बायका आयआयटी मुंबईकडून आधी सोलर दिवे जोडायला शिकल्या आणि २०१७ साली त्यांची प्लेटा बनवणारी कंपनी उभी राहिली. त्या प्लेट बनवतात, तर आपण निदान मोजू तरी शकतो ना?

आधी कोणत्या सोलरबद्दल बोलते आहे ते ऐका. नवी मुंबईच्या भोवतीच्या पाड्यांवर आणि पनवेल-उरणच्या वाड्यांवर घरात एक-दोन प्लेटा, एक कंट्रोलर आणि पाण्याची एक बॅटरी असते. ती बारा व्होल्टची सिस्टिम. आजचं सगळं तिच्याबद्दल आहे. ज्यांच्या छतावर पीएम सूर्यघर योजनेची, मीटरला जोडलेली मोठी सोलर आहे, त्यांनी तिच्या वायरींना हात लावायचा नाही. तिथे कित्येकशे व्होल्ट असतात, जीव जाईल. योजनेत बसवणाऱ्यानं पाच वर्षं देखभाल करायची असते, त्यालाच बोलवा. आणि गावची लाईट गेल्यावर ती सोलरही बंद पडते, तो बिघाड नव्हे. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक लागू नये म्हणून ती मुद्दाम तशी केलेली असते.

आता मीटर. इलेक्ट्रिकच्या दुकानात साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. काळी वायर 'कॉम' लिहिलेल्या भोकात, लाल वायर व्होल्ट लिहिलेल्या भोकात. '१० अँपिअर' लिहिलेल्या तिसऱ्या भोकात लाल वायर घालून बॅटरीला कधीही लावू नका, सरळ शॉर्ट होतं. प्लेट मोजताना गोल बटण डीसी व्होल्टच्या २०० वर ठेवा. २० वर ठेवलं तर नुसता '१' दिसतो आणि वाटतं मीटर बिघडलं. बॅटरी मोजताना २० वर आणा.

त्याआधी हातातल्या धातूच्या बांगड्या काढून ठेवा, मंगळसूत्र पदरात आत खोचा. बॅटरीच्या दोन टोकांना धातू एकदम टेकला तर तो क्षणात लालबुंद होतो. बॅटरीजवळ चूल, दिवा, अगरबत्तीही नको, चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो.

मोजायचं तीन ठिकाणी.

पहिलं ठिकाण, प्लेट. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या उन्हात कंट्रोलरमधून प्लेटच्या दोन वायरी काढा आणि त्यांनाच मीटर लावा. बॅटरीची वायर तशीच राहू द्या. हा क्रम पाठ करा : काढताना आधी प्लेट, जोडताना आधी बॅटरी. उलटं केलं तर कंट्रोलर जळू शकतो. बारा व्होल्टच्या, ३६ सेलच्या प्लेटला मोकळं व्होल्टेज साधारण २१-२२ यायला हवं. प्लेटच्या मागच्या स्टिकरवर 'व्हीओसी' या इंग्रजी अक्षरांपुढे तो आकडा असतो. मे महिन्याच्या तापात १९ आलं तरी घाबरू नका. प्लेट तापली की व्होल्टेज उतरतं, हा तिचा स्वभावच आहे. पण १०-११ आलं, म्हणजे जवळपास निम्मं, तर अर्धी प्लेट काम करत नाही. तिच्यावर कुठे सावली आहे का बघा. सावली नसेल तर मागच्या काळ्या डबीतला डायोड गेला असू शकतो. त्यासाठी सगळी प्लेट टाकून द्यायची गरज नसते. शून्य आलं तर वायर तुटली आहे किंवा पिन निसटली आहे.

इथे एक फसगत होते. धुळीनं माखलेली प्लेटसुद्धा मोकळं व्होल्टेज चांगलं दाखवते. धुळीनं व्होल्टेज फारसं कमी होत नाही, करंट कमी होतो. नळाला पाणी आलं आहे पण धार बारीक आहे, तसं. दिवसभरात बॅटरी पूर्ण भरत नाही आणि रात्री आपण बॅटरीला शिव्या देतो. आपल्याकडे बांधकामाची, डंपरची धूळ काही कमी नाही. म्हणून पावसाळा सोडून दर पंधरा दिवसांनी प्लेट धुवा. सकाळी थंड असताना, साध्या पाण्यानं, मऊ फडक्यानं. घासणी नको, आणि भर दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी तर मुळीच नको. वर चढणं धोक्याचं असेल तर लांब दांड्याचा मऊ ब्रश वापरा.

सावलीचंही तसंच. मे महिन्यात आपल्या भागात सूर्य अगदी डोक्यावर येतो, तेव्हा आंब्याची सावली प्लेटवर पडत नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो आणि तीच फांदी आडवी येते. 'उन्हाळ्यात चालत होतं, थंडीत बिघडलं' असं वाटलं तर आधी झाड बघा, पाण्याची टाकी बघा, शेजारची नवी भिंत बघा.

दुसरं ठिकाण, वायर आणि जोड. सगळं परत जोडा. ऊन असताना, बॅटरी चार्ज होत असताना, कंट्रोलरवर जिथे बॅटरीची वायर लागते तिथलं व्होल्टेज घ्या. मग लगेच बॅटरीच्या टोकांवरचं घ्या. दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. कंट्रोलरवर १४.२ आणि बॅटरीवर १२.९ असं आलं तर मधले १.३ व्होल्ट वाटेत सांडले. आपल्याच एका गटातल्या ताईंकडे हेच झालं होतं. त्यांचा बॅटरीच्या कर्जाचा अर्ज तयार होता. बघितलं तर बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड साचलेली आणि नट ढिला. प्लेट आणि बॅटरी दोन्हीच्या वायरी सोडवल्या, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून टोकं धुतली, पुसून कोरडी केली, नट आवळला, वरून व्हॅसलीन लावलं. पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ दिलं नाही. खर्च चहाच्या कपाएवढा. अर्ज मागे घेतला.

वायर बारीक असली तरी व्होल्टेज गळतं. प्लेट दहा मीटर लांब आहे, पाच अँपिअर करंट येतो आहे आणि वायर दीड एमएमची आहे, तर जाता-येता वीस मीटर तांब्यात १.२ व्होल्ट जातात. तिथे चार एमएमची वायर घातली तर अर्धा व्होल्टच जातो. आपल्या समोरचं घारापुरी बेट आठवा. २०१८ साली तिथे समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून वीज नेली, तीही उच्च दाबानं, आणि बेटावर उतरवून मग घरात दिली. लांबवर बारा व्होल्ट नेत बसलं तर पोचेपर्यंत काही उरत नाही. म्हणून वायर आखूड आणि जाड ठेवा. साडीच्या चिंधीनं किंवा नुसत्या पिळानं बांधलेले जोड काढून टाका.

तिसरं ठिकाण, बॅटरी. पहाटे, ऊन यायच्या आधी, सगळे दिवे-पंखे बंद करून अर्ध्या तासानं मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी. रिकामी म्हणजे मेलेली नव्हे! तिला आठवडाभर नीट चार्ज द्या, रात्रीचा वापर कमी करा, मग परत मोजा. पाण्याची पातळी बघा. कमी असेल तर बॅटरीचंच पाणी घाला, बोअरचं नाही आणि ॲसिड तर नाहीच. एवढं करूनही आकडा १०.५ च्या आसपास अडकून राहिला तर आतला एक सेल गेलेला असतो. तेव्हा खुशाल म्हणा, बॅटरी गेली. लिथियम बॅटरी असेल तर तिचे आकडे वेगळे असतात आणि तिला पाणी घालायचं नसतं.

हे वरवर आकड्यांचं बोलणं वाटेल, पण यात आपला पैसा आहे. गटात शंभर-शंभर रुपये जमवून जे कर्ज आपण देतो ते शेळीला, शिलाई मशीनला, पोरीच्या फीला लागायला हवं. ढिल्या नटापायी ते जाऊ नये. आणि लाईट मिणमिणला की अभ्यास पोरांचा बुडतो, अंधारात स्वयंपाक आपल्यालाच करावा लागतो.

म्हणून आजच्या सभेत मी असा ठराव मांडते. प्रत्येक ग्रामसंघानं एक मल्टिमीटर घ्यावा आणि तो दोन सख्यांच्या ताब्यात द्यावा. वहीत पाच रकाने आखावेत : तारीख, प्लेटचा आकडा, कंट्रोलरचा, चार्ज होतानाचा बॅटरीचा आणि पहाटेचा बॅटरीचा. बॅटरीच्या कर्जाच्या अर्जाला हे आकडे जोडलेले असावेत. मिस्त्रीशी भांडायचं नाही. वही पुढे करायची आणि विचारायचं, "दादा, पहाटे १२.५ येतंय, मग बॅटरी गेली कशी?"

ज्यांना मीटर हातात धरून बघायचं आहे त्यांनी चहानंतर थांबा. बॅटरी आणली आहे, प्लेट बाहेर उन्हात लावली आहे. प्रत्येकीनं स्वतः मोजायचं आहे.