हातातली काठी

आपल्या सीमाभागात काठीला नावांची वाण नाही. मराठी माणूस तिला काठी, सोटा, दंडा, छडी म्हणतो. शेजारचा कानडी बोलणारा कोलू किंवा बडिगे म्हणतो, आणि ‘बडिगे’ कानी पडताच आपल्याला आपला बडगा आठवतो. पण बडगा दाखवायच्या काठीविषयी मला आज बोलायचे नाही. टेकायच्या काठीविषयी बोलायचे आहे.

काठी म्हटली की गांधीजींची मूर्ती डोळ्यांपुढे येते. डिसेंबर 1924 मध्ये बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, हे येथील मुलांनाही ठाऊक असते. त्यांच्या दांडीयात्रेतील प्रसिद्ध काठीचा धागाही आपल्या बाजूकडून जातो, हे मात्र थोड्यांना माहीत असते. मंजेश्वरचे कानडी कवी गोविंद पै यांच्याकडून ती काकासाहेब कालेलकरांकडे आली आणि 1930 साली काकासाहेबांनी ती गांधीजींना दिली. कालेलकर हे आडनाव सावंतवाडीजवळच्या कालेली गावावरून आलेले. एका कानडी कवीची काठी एका मराठी माणसाच्या हातून साबरमतीला पोहोचली, याचे सीमेवर राहणाऱ्याला कौतुक वाटावे.

ती काठी होती गाठीदार बांबूची आणि 54 इंच लांबीची. तसबिरीत पाहा, गांधीजींनी ती वरच्या टोकाला धरलेली नसून त्याच्या खाली पकडलेली असते. लांब पल्ला झपाझप चालणाऱ्याची ती काठी आहे. धनगराची काठी याच जातीची. गुडघा दुखतो, तोल जातो, म्हणून ज्याला आपला भार काठीवर टाकायचा आहे, त्याची काठी निराळी; ती आखूड हवी आणि तिला मूठ हवी. आपल्या घरांतून घोटाळा होतो तो येथेच. आजोबा पाच फूट दहा इंचांचे. त्यांची शिसवी काठी कोनाड्यातून काढून पाच फुटांच्या आजीच्या हाती दिली जाते. आजीचा खांदा वर उचलला जातो, कोपर बाहेर फेकले जाते, आणि ज्या काठीने सावरायचे तीच तिला एका अंगावर ढकलू लागते. उतारवयात खुब्याचे हाड मोडले, तर पुष्कळ माणसे पुन्हा पूर्वीसारखी हिंडूफिरू शकत नाहीत. म्हणून आजोबांच्या आठवणीपेक्षा आजीचे माप मोठे मानावे.

माप घेणे सोपे आहे. नेहमीच्या वहाणा घालून ताठ उभे राहावे, हात सैल सोडावेत. मनगटावर जेथे वळी पडते तेथे मूठ यावी. टेकल्यावर कोपर किंचित वाकलेले राहते. जादा लांबी खालून कापावी, परंतु रबरी टोपणाची जाडी आधी वजा करून.

लाकडाच्या बाबतीत आपण भाग्यवान आहो. घाटाकडे आणि कोकणात होणारा माणगा नावाचा वेळू जवळजवळ भरीव असतो आणि त्याला काटे नसतात. कावडीला आणि अवजारांच्या दांड्यांना वापरतात ती धामण लवचीक आणि चिवट. शिसवी काठी दिसायला देखणी, पण थकलेल्या मनगटाला जड. बांबू घ्याल तर पावसाळा सरून थंडीत तोडलेला, तीनेक वर्षांचा घ्यावा. ओल्या दिवसांत तोडलेल्याला कीड लवकर लागते. काठीखाली पिवळसर भुकटी पडू लागली की ती आतून पोखरली जात आहे असे समजावे. उभी चीर असलेली काठी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

टोकाला लोखंडी शेंबी हवी की रबर? निपाणीकडच्या काळ्या रानातून बांधाबांधाने जाणाऱ्याला शेंबी बरी. मात्र तीच शेंबी ओल्या शहाबादी फरशीवर दगा देते. बेळगाव-खानापूरकडे पावसाळ्यात अंगणात शेवाळ धरते. तेथे तर रबरावरही सारा भरवसा टाकू नये, शेवाळ आधी घासून काढावे. रबराच्या तळाची वलये झिजून गुळगुळीत झाली की टोपण बदलावे. किंमत क्षुल्लक, पण पाहतो कोण!

भिजलेली काठी पुसून सावलीत वाळवावी, चुलीशी उभी करू नये. वर्षातून दोनदा जवसाचे तेल अगदी थोडे चोळून पुसून घ्यावे. मुठीला तेल नको, हात निसटतो. तेलाचे फडके मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, पसरून वाळवावे. जवसाच्या तेलाचे बोळे आपोआप तापून पेटतात.

आणि काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या उलट हातात. हे पुष्कळांना पटत नाही, पण दुखरा पाय आणि काठी एकदम पुढे पडली म्हणजे भार दोहोंत वाटला जातो. जिना चढताना धडधाकट पाय आधी वर. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी खाली. दुसरा हात कठड्यावर असावाच.