गिरणगाव आणि नगररचना

नगररचनाकाराच्या नकाशात चाळ म्हणजे निव्वळ क्षेत्रफळ. परंतु गिरणगावात खानावळी, भजनी मंडळे, व्यायामशाळा, कामगार रंगभूमी यांनीच समाज बांधला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांची शाहिरी तिथेच गाजली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमावलीने पुनर्विकासात त्यांची जमीन महापालिका, म्हाडा व मालक यांच्यात विभागली. २००१ च्या दुरुस्तीने ही विभागणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली. मोकळी जमीन होती तरी किती! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही दुरुस्ती ग्राह्य धरली. २०२४ मध्ये शासनाने गिरणी कामगारांच्या घरांसाठी शेलू-वांगणी पुढे केले. उद्या परळला नवे नाट्यगृह उभे राहीलही. त्याचा प्रेक्षक मात्र कर्जत लोकलमध्ये लटकत असेल. म्हणून कार्यकर्त्यांनी सांस्कृतिक आरक्षणाआधी त्याच वस्तीतील घरे मागावीत.