पाडलेल्या घराचे लाकूड आणि गिटार
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



सुतारांच्या संमेलनात लाकडावर बोलावयाचे, आणि तेही सारी हयात कारकुनीत घालविलेल्या मनुष्याने, हे धाडसच होय. परंतु चिटणीसांनी माझ्या घरी भिंतीशी उभी असलेली गिटार पाहिली आणि आजचे आमंत्रण माझ्या पदरी पडले.

२०१९ साली आमचे गावचे घर पाडले. पणजोबांच्या हातचे ते घर. सागाच्या तुळया, खांब, ओटीवरचा शिसवी झोपाळा, सारे एका वखारवाल्याने घाऊक भावात उचलले. ट्रक भरत असता मी झोपाळ्याची फळी आणि तुळईचा तीन हातांचा तुकडा मागून घेतला. बाकीचे कोठे जाणार हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

ह्याच शिसवीचे परदेशी वाद्यकारांना केवढे मोल! ब्राझीलची शिसव मिळेनाशी झाल्यावर, १९६९ च्या सुमारापासून, गिटारीची पाठ आणि कुशी आपल्याकडच्या शिसवीच्या होऊ लागल्या. २०१७ पासून तर शिसवीच्या साऱ्या भाऊबंदांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले आहे. आणि आपण झोपाळे मोडून विकतो.

गिटार हे आपले वाद्य नव्हे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण तिला आजचे रूप देणारा स्पेनचा आंतोनियो दे तोर्रेस हा मूळचा सुतार. जर्मनीत तर सुतारांनी गिटारी करू नयेत म्हणून व्हायोलिनकारांच्या संघाने सरकारदरबारी तक्रारी गुदरल्या होत्या. त्या वादात सुतारांच्या पक्षाचा सी. एफ. मार्टिन १८३३ साली अमेरिकेस गेला. त्याने काढलेला कारखाना आजही चालू आहे. ज्ञातिसंस्थेच्या सभेत ही हकिगत सांगताना मला थोडी गंमत वाटते.

आता माझ्या चुका सांगतो, कारण शिकण्यासारखे जे आहे ते त्यांतच आहे.

पहिली चूक लोभाची. घरचा साग आहे, मग तबलीही सागाचीच करू, असे मनाने घेतले. तारा चढविल्या आणि दार ठोठावल्यासारखा आवाज आला! तारेचे बळ ते केवढे. तेवढ्याने थरारावयास तबली हलकी हवी आणि रेषेच्या दिशेने ताठही हवी. स्प्रूसचे लाकूड घनफुटास सुमारे १२ किलो भरते, साग १८, तर शिसव २३-२४. तोर्रेसने १८६२ साली पाठ आणि कुशी कागदाच्या लगद्याच्या करून तबली मात्र लाकडाची ठेवली होती. नाद मुख्यतः तबलीत असतो हे त्याला दाखवावयाचे होते. हे मी आधी वाचले असते तर सागाची एक उत्तम फळी वाचली असती. दुसऱ्या खेपेस स्प्रूस विकत आणले आणि तबली एका सुताहूनही पातळ केली.

दुसरी चूक घाईची. जुने लाकूड शंभर पावसाळे पाहून निवांत झालेले असते, हे खरे. पण ते चिरले की आतला ताण मोकळा होतो. मी ऐन श्रावणात फळी चिरली आणि आठवड्यात ती पन्हाळीसारखी वळली. तेव्हापासून चिरलेल्या फळ्या मध्ये पट्ट्या ठेवून, वर वजन देऊन, निदान वर्षभर सावलीत ठेवतो. खिळ्यांनी करवतीचे दात गेले ते वेगळेच. आता करवत लावण्यापूर्वी लोहचुंबक फिरवितो. साग अंगचाच तेलकट, म्हणून सरस लावण्याच्या अगदी आधी सांधा पुन्हा खरवडावा लागतो. शिसवीच्या कुशी दीड सुतापेक्षा कितीतरी कमी, दोन मिलिमीटरपर्यंत पातळ करून, ओलसर करून तापलेल्या लोखंडी नळीवर वाकवितात. रेषा सरळ नसेल तर त्या मोडतात. माझी एक मोडली.

हे सारे मला शिकविले कोणी? मी लहान असता आबांनी मला वाकसास हात लावू दिला नाही. शीक, खुर्चीवर बस, एवढेच त्यांचे म्हणणे. मी खुर्चीवर बसलो, पस्तीस वर्षे बसलो. निवृत्त होऊन रंधा हाती घेतला तेव्हा आबांची दृष्टी गेली होती. ते अंगणात बाजेवर बसत आणि रंध्याचा आवाज ऐकून सांगत: पाते फार बाहेर आले आहे, आता रेषेच्या उलट चाललास, थांब, धार लाव. मला स्वतःला त्या आवाजांतला भेद कळावयास दोन वर्षे लागली. काही भेद अजूनही कळत नाहीत, आणि ते आता दुसऱ्या कोणास ठाऊक असतील असे वाटत नाही.

गिटार पुरी झाल्यावर ती मी त्यांच्या मांडीवर ठेवली. तारांना त्यांनी स्पर्शही केला नाही. पाठीवरून बोटे फिरवीत ती एके ठिकाणी थांबली. झोपाळ्याच्या कडीचे भोक होते तेथे मी सागाची गुल्ली बसविली आहे. "फळी आपलीच," ते म्हणाले. मग दांडीखालून अंगठा फिरविला आणि म्हणाले, "डाव्या अंगाला रंधा उलटा लागला आहे तुझा."

तो भाग मी अद्याप दुरुस्त केलेला नाही.